प्रतिकृती आणि व्यक्ती

मराठीत 'नक्कल' ह्या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. नकलाकार म्हटले की हशा पिकवणारा माणूस आठवतो आणि नकली म्हटले की खोटे नाणे डोळ्यांपुढे येते. ह्याच भाषेत 'गिरवणे' असा दुसरा शब्द आहे. त्याच्याविषयी मात्र आपल्या मनात आदर असतो. गुरुजींनी पाटीवर काढून दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवीत आपण सारे लिहावयास शिकलो. गुरूच्या गळ्यातून आलेली जागा जशीच्या तशी आपल्या गळ्यातून काढण्यात गाणे शिकणाऱ्याची कित्येक वर्षे जातात आणि त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही. चित्रकलेचा विषय निघाला की मात्र आपला हा विवेक सुटतो. एकाच कृतीला आपण कधी गिरवणे म्हणून मान देतो, तर कधी नक्कल म्हणून हिणवतो.

हा विचार मनात येण्यास कारण आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात चित्रकलेच्या खाजगी वर्गांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. शाळकरी मुले, नोकरी करणाऱ्या तरुणी आणि बँकेतून वा रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ शनिवार-रविवारी हौसेने कुंचला हाती धरतात. तैलरंगातील व्यक्तिचित्र शिकण्याची वेळ आली की पुष्कळदा एखादे अभिजात युरोपीय चित्र समोर ठेवून त्याची प्रत करावयास सांगतात. त्यात योहानेस व्हर्मीर ह्या डच चित्रकाराच्या 'मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी' ह्या चित्राचा मान मोठा. धर्मग्रामांच्या सभागृहांतून भरणाऱ्या लहानमोठ्या प्रदर्शनांत निळ्या-पिवळ्या शिरोवेष्टनातील ही मुलगी आम्हाला वारंवार भेटली आहे. पाहणारे दोन प्रकारचे अभिप्राय देतात. एक म्हणतो, "अगदी हुबेहूब!" दुसरा म्हणतो, "नुसती नक्कल. ह्यात स्वतःचे काय?" हे दोन्ही अभिप्राय आम्हाला अपुरे वाटतात. पहिल्यात कौतुक असले तरी परीक्षण नाही. दुसरा दोष दाखवतो, पण शिकणाऱ्याच्या कष्टांची दखल घेत नाही. प्रतिकृती शिकणाऱ्याला काय देते, काय देऊ शकत नाही आणि तिच्यापाशी किती काळ थांबावे, ह्या तीन प्रश्नांचा येथे थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्ही योजले आहे.

हाताला काय मिळते

तैलरंगात अशी प्रत करण्याची एक रूढ रीत आहे. मूळ चित्राच्या छापील प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्याच प्रमाणात चौकटी आखतात आणि एकेका चौकटीतील रेषा पलीकडे उतरवून घेतात. मग बर्न्ट अंबरसारखा मातकट रंग टर्पेंटाइनने पातळ करून केवळ उजेड आणि अंधार मांडतात. ह्या पायरीवर कातडीचा रंग किंवा ओठांची लाली ह्यांचा विचार करावयाचा नसतो. कोठे किती काळोख आहे एवढेच पाहावयाचे असते. तो थर वाळला की त्यावर यलो ऑकर, व्हर्मिलियन, बर्न्ट सिएना आणि पांढरा ह्यांच्या मिश्रणांनी त्वचा उभी करतात आणि शेवटी जवसाच्या तेलात कालवलेल्या पारदर्शक रंगांचे पातळ हात देतात. खालचा थर कमी तेलाचा, वरचा अधिक तेलाचा, हा ह्या माध्यमाचा मूळ नियम होय. तो मोडला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि काही वर्षांनी चेहऱ्यावर भेगा पडतात. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात थर वाळावयास अधिक दिवस लागतात, कॅनव्हास सैल पडतो, काळजी न घेतल्यास बुरशीही धरते. हे सारे पुस्तकात वाचून हाताला कळत नाही. हाताने करूनच ते कळते आणि त्यासाठी आधी सिद्ध झालेले चित्र समोर असले तर शिकणाऱ्याचा मार्ग निर्वेध होतो. चित्र जमेल की नाही ही चिंता मूळ चित्रकाराने आधीच वाहिलेली असते. शिकणाऱ्याला ते कसे जमले एवढेच शोधावयाचे असते.

ह्याहून मोठा लाभ डोळ्याला होतो. व्हर्मीरच्या त्या मुलीच्या नाकाकडे पाहावे. नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल ह्यांच्यामध्ये रेषाच नाही. दोन्हींवर सारखाच उजेड पडल्यामुळे चित्रकाराने त्यांना एकमेकांत मिसळू दिले आहे. तरीही नाक आपल्याला दिसते. नवशिक्या माणूस तेथे हटकून रेषा ओढतो, कारण नाकाला कड असते हे त्याला ठाऊक असते. प्रत करताना ही रेषा त्याला पुसावी लागते आणि आपल्याला ठाऊक असलेले व आपल्याला दिसत असलेले ह्यांतील अंतर त्याला प्रथमच उमगते. मोत्याचेही तसेच. वर एक ठळक पांढरा ठिपका आणि खाली पांढऱ्या गळपट्टीचे मंद प्रतिबिंब, एवढ्यावर तो मोती उभा आहे. कानाला अडकवणारी कडीसुद्धा काढलेली नाही. मोत्याचा पूर्ण गोल रेखाटू पाहणाऱ्याचा मोती खडूचा होतो. कमी सांगून अधिक दाखवण्याचा हा संयम ज्याने एकदा अनुभवला, त्याच्या दृष्टीत काही कायमचे बदलते. "नुसती नक्कल" म्हणणाऱ्यांनी हा बदल लक्षात घेतला पाहिजे.

थोरांनीही हे केले आहे. पीटर पॉल रूबेन्स १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा तो पन्नाशीत होता आणि युरोपातील राजेरजवाडे त्याच्या चित्रांसाठी खोळंबून असत. तरीही तेथील राजसंग्रहातील टिशियनच्या चित्रांच्या प्रती करीत तो बसला. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ साली लोकांना खुले झाले तेव्हापासून तेथे चित्रांपुढे इझल मांडून प्रती करण्याची परंपरा आहे आणि ती आजही चालू आहे. आपल्या देशातील उदाहरण तर अधिक हृद्य आहे. जहांगीरच्या दरबारात पुढे नावारूपाला आलेला चित्रकार अबुल हसन ह्याने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, जर्मन चित्रकार ड्यूररच्या मुद्राचित्रातील संत योहानाची आकृती रेखाटली. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात जपलेले आहे. क्रुसाखाली शोकाकुल उभ्या असलेल्या शिष्याचे जोडलेले हात त्या मुलाने किती एकाग्रतेने पाहिले असतील! पुढे त्याने जी व्यक्तिचित्रे काढली ती युरोपीय नाहीत, मोगलच आहेत. पण वस्त्राच्या चुणीतून शरीराचे वजन जाणवून देण्याची कला अशा अभ्यासातून त्याच्या हाती आली असली पाहिजे.

काय हाती लागत नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्याकडील शिकणारा प्रत करतो ती मूळ चित्राची नव्हे, छापील कागदाची किंवा मोबाइलच्या पडद्यावरील प्रतिमेची. मूळ चित्र हेग येथील माउरिट्सहाउस संग्रहालयात आहे आणि ते जेमतेम ४४.५ सेंटिमीटर उंच व ३९ सेंटिमीटर रुंद आहे. रंगाचा जाड-पातळपणा, थरांतून परतणारा उजेड ह्यांतले काहीच छपाईत उतरत नाही. तेव्हा आपण ज्याची प्रत करीत आहोत ती स्वतःच एक प्रत आहे, हे भान शिकवणाऱ्याने द्यावयास हवे.

ह्याहून गमतीची गोष्ट पार्श्वभूमीची आहे. ती मुलगी गडद काळोखातून वळून पाहते, असे आपण सारे मानतो आणि प्रत करणारे मोठ्या निष्ठेने मागची बाजू काळी रंगवतात. २०१८ साली संग्रहालयाने ह्या चित्राची शास्त्रीय तपासणी केली आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दिसून आले की व्हर्मीरने मागे चुण्या पडलेला हिरवा पडदा रंगवला होता. त्यासाठी वापरलेले पारदर्शक रंग काळाच्या ओघात बदलले आणि पडदा नाहीसा झाला. डोळ्यांच्या बारीक पापण्याही त्याने काढल्या होत्या. त्या आज साध्या नजरेला दिसत नाहीत. म्हणजे पार्श्वभूमी काळी करणारा नकलाकार व्हर्मीरच्या हाताची नव्हे, साडेतीनशे वर्षांनी केलेल्या झिजेची प्रत करीत असतो! ह्यात त्याचा दोष नाही. तथापि जे दिसते ते उतरवले म्हणजे चित्रकाराचे मन उतरले, हा समज किती भाबडा आहे हे ह्यावरून ध्यानी यावे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. हे चित्र मुळात व्यक्तिचित्र नाही. डच परंपरेत ज्याला 'ट्रोनी' म्हणत, म्हणजे एखाद्या चेहऱ्याचा, पेहरावाचा वा भावाचा अभ्यास, त्या प्रकारातले ते आहे. ही मुलगी कोण हे सांगणे त्याचा हेतू नव्हता. व्यक्तिचित्राचे प्रयोजन ह्याच्या उलट असते. त्यातला माणूस अमुकच असतो, त्याला नाव असते, घर असते आणि चित्र पाहून त्याच्या माणसांनी त्याला ओळखावयाचे असते. समोर बसलेले जिवंत माणूस हलते, कंटाळते, मधूनच सुनेला हाक मारते, नातवाची चौकशी करते. खिडकीतला उजेड सरकत राहतो. तासाभरापूर्वीचा चेहरा आता तोच नसतो. ह्या अनेक चेहऱ्यांतून खरा कोणता हे चित्रकाराला ठरवावे लागते. प्रत करणाऱ्यापुढे हा प्रश्न येतच नाही, कारण व्हर्मीरने तो १६६५ च्या सुमारास सोडवून ठेवला आहे. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनल्ड्स ह्याने १७६९ साली आपल्या विद्यार्थ्यांना हाच धोका दाखवला होता. सरसकट प्रत करण्यात हात राबतो आणि मन झोपते, मात्र आपण श्रम केले असे वाटत राहते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याने सुचवलेला उपाय आम्हाला फार मोलाचा वाटतो. थोर चित्राच्या जोडीला शोभेल असे त्याच विषयावरचे स्वतःचे चित्र काढावे आणि दोन्ही शेजारी ठेवून आपले उणे कोठे आहे ते पाहावे. ह्या सूचनेकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

भक्तीची प्रत आणि अभ्यासाची प्रत

आपल्या वाचकांच्या मनात येथे एक शंका येईल. आपल्या घराघरांत आणि चर्चमध्ये ज्या तसबिरी आहेत त्या बहुतेक प्रतिकृतीच आहेत. मग त्यांचे काय? ही शंका रास्त आहे. ख्रिस्तसभेने प्रतिकृतीला कधी कमी लेखलेले नाही. १५६९ साली येशूसंघाचे प्रमुख संत फ्रान्सिस बोर्जा ह्यांनी रोमच्या सांता मारिया माज्जोरे महामंदिरातील पवित्र मरियेच्या प्राचीन चित्राची प्रत करण्याची अनुमती परमगुरू पाचवे पायस ह्यांच्याकडून मिळवली आणि त्या चित्राच्या प्रती दूरदूरच्या मिशनांत गेल्या. १५८० साली रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे सहकारी फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी गेले तेव्हा अशी एक प्रत त्यांच्यासोबत होती. बादशहाने तिचा आदर केला आणि आपल्या चित्रकारांना तिच्यावरून चित्रे करावयास लावली. पुढे १५८३ साली गोव्यातील कुंकळ्ळी येथे हुतात्मा झालेले ते हेच अक्वाविवा. निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेचे चित्र १८६६ साली परमगुरू नववे पायस ह्यांनी रिडेम्प्टरिस्ट संघाकडे सोपवले, तेही तिची ओळख जगाला करून द्यावी म्हणून. त्याची प्रत माहीमच्या चर्चमध्ये आहे. १९४८ पासून दर बुधवारी तेथे नोव्हेना चालू आहे आणि ठाण्या-डोंबिवलीहून गाडी पकडून तेथे जाणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत.

ह्या प्रतींचे प्रयोजन वेगळे आहे. तेथे चित्रकाराने स्वतःचे काही आणावे अशी अपेक्षाच नसते. मुलाला आईचा फोटो हवा असतो तेव्हा छायाचित्रकाराची प्रतिभा त्याला नको असते, आई हवी असते. भक्तीची प्रत पाहणाऱ्याला मूळ व्यक्तीकडे नेते आणि तेथे तिचे काम पूर्ण होते. अभ्यासाची प्रत करणाऱ्याला शहाणे करते आणि तेथे तिचे काम संपते. एकीला दुसरीचा निकष लावला की घोटाळा होतो. देवघरातील तसबिरीला कोणी "स्वतःचे काय" असे विचारू नये. उलट, वर्गात केलेल्या प्रतीला केवळ ती सुंदर दिसते म्हणून कोणी कलाकृतीचा मान देऊ नये.

आपल्या मुलखातील दोन वाटा

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि १८५७ साली मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली. तेव्हापासून आजतागायत ह्या मार्गावरची मुले त्या शाळेत जात आली आहेत. तेथील शिक्षण दीर्घकाळ प्रतींवर उभे होते. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून विद्यार्थी रेखाटन करीत. १८७२ ते १८८५ ह्या काळात प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती करवून घेतल्या. त्याआधी रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याने अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या होत्या. ग्रिफिथ्सच्याही कित्येक प्रती १८८५ च्या आगीत गेल्या. ज्या उरल्या त्या आज मोलाच्या आहेत, कारण लेण्यांतील मूळ चित्रे त्यानंतर आणखी झिजली. प्रतिकृती कधी कधी साक्षीदार ठरते ती अशी. अजिंठ्याच्या त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे तैलरंगातील व्यक्तिचित्रणात त्यांनी मोठे नाव मिळवले. गुहेतील अंधुक उजेडात पुसट रेषा शोधणाऱ्या डोळ्याला माणसाचा चेहरा वाचणे सोपे गेले असेल तर नवल नाही.

ह्याच शाळेत गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. आपल्या समाजातील हा फार मोठा चित्रकार. पण आपल्या किती घरांत त्यांचे नाव ठाऊक आहे? युरोपीय तैलचित्रणाची रीत त्यांनी पूर्णपणे आत्मसात केली होती. अंधाऱ्या पार्श्वभूमीतून उजळत येणारा चेहरा, सावलीत पातळ आणि उजेडात दाट होत जाणारा रंग, ही सारी त्या परंपरेची लेणी त्यांच्यापाशी होती. परंतु त्यांनी ती कोणासाठी वापरली हे पाहण्यासारखे आहे. त्यांची पत्नी आणि मुली त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा येतात. १९२० साली ज्या चित्रासाठी त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते पत्नी फ्लोरेंतिना हिचेच चित्र होय. रीत शिकलेली होती, पण माणूस घरचा होता. गोव्यात पणजी येथे फुंदासांव ओरिएंते ह्या संस्थेत त्रिंदाद पितापुत्रीच्या चित्रांचा संग्रह आहे. तो पाहताना ही गोष्ट मनावर ठसते. येथे समीक्षकांविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. त्रिंदादांना त्यांच्या काळी 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणत. हा गौरव खरा, पण त्यात एक उणीव आहे. चित्रकार स्वतःच्या पायावर उभा राहिला तरी त्याचे कौतुक करणाऱ्यांना युरोपीय नावाचा आधार सोडवत नव्हता. नक्कल करण्याचा रोग केवळ चित्रकारांनाच जडतो असे नाही.

ह्याच्या विरुद्ध वाटेने गेले आंजेलो द फोन्सेका. तेही गोव्याचेच, जन्म १९०२. ज. जी. कलाशाळेतील पाश्चात्त्य वळण त्यांना रुचले नाही. ते शांतिनिकेतनास अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस ह्यांच्या परंपरेत शिकले, पुढे पुण्यात राहिले आणि साडी नेसलेली मरिया रंगवू लागले. त्यासाठी स्वकीयांचा रोषही त्यांनी पत्करला. त्रिंदादांची कन्या अँजेला हिनेही वडिलांकडून तैलरंगाचे धडे घेतल्यावर पुढे भारतीय शैलीत ख्रिस्ती विषय रंगवले. ह्यावरून काहींना वाटेल की प्रत नाकारणे हीच स्वत्वाची वाट आहे. आम्हाला तसे वाटत नाही. फोन्सेकांचे गुरू नंदलाल बोस ह्यांनी तरुणपणी, १९०९ ते १९११ च्या दरम्यान, लेडी हेरिंगहॅम ह्यांच्याबरोबर अजिंठ्याची चित्रे उतरवली होती. म्हणजे त्या घराण्याच्या मुळाशीही प्रतच आहे. फरक एवढाच की गिरवण्यासाठी अक्षर कोणाचे घ्यावे हे त्यांनी निराळे ठरवले. गिरवल्यावाचून कोणीच लिहावयास शिकला नाही.

आपल्या जवळच आणखी एक विद्यापीठ आहे, ते म्हणजे डोंबिवलीचे भाऊ साठे शिल्पालय. सदाशिव साठे (१९२६-२०२१) हे कल्याणचे. गेटवे ऑफ इंडियापाशी १९६१ साली उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. तैलरंग शिकणाऱ्याने त्यांच्या शिल्पालयात जावे असे आम्ही आवर्जून सांगू. छापील चित्रातल्या मुलीच्या डोक्यामागे काय आहे हे पाहता येत नाही. शिल्पातील चेहऱ्याभोवती मात्र फिरता येते. दोन पावले सरकताच गालफडाचे हाड कसे पुढे येते, पापणीखालची सावली कशी लांबते, हनुवटीखाली उजेड कोठे संपतो, हे सारे तेथे दिसते. सपाट कागदावरून शिकलेल्या हाताला खोलीचे ज्ञान देणारी अशी जागा जवळ असता तिचा उपयोग न करणे हा करंटेपणा होईल.

सही कोणाची

प्रतीसंबंधी एक प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे. लूव्रमध्ये प्रत करणाऱ्यांना दोन बंधने पाळावी लागतात. प्रत मूळ चित्राहून निदान एकपंचमांशाने लहान वा मोठी असावी आणि मूळ चित्रकाराची सही तीत उतरवू नये. हे नियम फसवणूक टाळण्यासाठी आहेत. पण आपल्याकडे उलट प्रकार आढळतो. व्हर्मीरची मुलगी आणि कोपऱ्यात ठसठशीत सही आपली! त्यात बहुधा लबाडी नसते, भाबडा अभिमान असतो. तरीही खाली 'व्हर्मीरवरून' एवढे लिहिण्यास काय हरकत आहे? त्या एका शब्दाने चित्राची किंमत घटत नाही, उलट शिकणाऱ्याची वाढते.

संत ऑगस्टीन ह्यांनी धर्मोपदेशकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात ह्या विषयाशी जुळणारा एक विचार मांडला आहे. ज्याला उत्तम बोलता येते पण स्वतः रचना करता येत नाही, त्याने दुसऱ्याचे उत्तम प्रवचन पाठ करून सांगितले तरी ती चोरी नव्हे, मात्र त्याचे आचरण त्या शब्दांना साजेसे हवे, असे त्यांचे मत होते. आम्हा धर्मगुरूंना हा दिलासा मोठा आहे! परंतु ऑगस्टीन ह्यांचे प्रवचन जसेच्या तसे पहाटेची लोकल गाठणाऱ्या डोंबिवलीकरांना ऐकवले तर ते त्यांच्या कानांवरून जाईल. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहूनच त्या शब्दांना येथले करावे लागते. घेतलेले आपले होते ते आपण ते कोणासाठी वापरतो त्यावरून. प्रवचनाला जे लागू आहे ते चित्रालाही लागू आहे.

आता शेवटच्या मुद्द्याकडे येऊ. ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून रोज लुगडे नेसणाऱ्या, बोलीत प्रार्थना पुटपुटणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. कल्याण-डोंबिवलीत कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरहून, कोणी वसईहून येऊन संसार थाटला. त्या पहिल्या पिढीचे चेहरेही आता एकेक करून भिंतीवरच्या मोठ्या केलेल्या फोटोत जात आहेत. फोटो उपकारक आहे, तो आम्ही नाकारीत नाही. पण तो एका क्षणाचा असतो, आणि पुष्कळदा रेशनकार्डासाठी वा पासपोर्टसाठी काढलेल्या अवघडलेल्या क्षणाचा असतो. अनेक बैठकींतून, बोलता बोलता, माणूस समजून घेत काढलेले चित्र ही वेगळी वस्तू आहे. १३२१ साली ठाण्यात हुतात्मे झालेले टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री ह्या चौघांचे चेहरे कसे होते हे आज कोणी सांगू शकत नाही. त्यांची चित्रे कल्पनेनेच काढावी लागतात. त्यांच्या बाबतीत आपल्यापुढे उपाय नाही. परंतु जी माणसे अद्याप आपल्या स्वयंपाकघरात बसून मासळी निवडत आहेत त्यांच्या बाबतीत हीच सबब उद्या आपल्या नातवंडांना सांगावी लागू नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तैलरंग शिकणाऱ्याने सहा महिने व्हर्मीरपाशी अवश्य बसावे. नाकाची रेषा पुसावी, मोत्याचे दोन स्पर्श शिकावे, खाली 'व्हर्मीरवरून' असे लिहावे. मग रेनल्ड्सने सांगितल्याप्रमाणे त्या चित्राच्या जोडीचे चित्र काढावे. तेवढाच कॅनव्हास घ्यावा, डावीकडून येणारा खिडकीचा उजेडही तसाच ठेवावा. समोर मात्र आपली आजी, मावशी किंवा शेजारचे काका असावेत. ते चित्र पहिल्या प्रथम बिघडेल. नाक वाकडे होईल, आजी रागावेल, घरचे हसतील. पण त्या बिघडलेल्या चित्रात जे प्रश्न पडतील ते व्हर्मीरच्या प्रतीत कधीच पडणार नाहीत आणि त्या प्रश्नांशी झगडताना व्हर्मीरकडे पुन्हा पाहिले तर तो अधिक उत्तरे देईल. शिकवणाऱ्यांनीही वर्षअखेरच्या प्रदर्शनात प्रत आणि तिच्या जोडीचे चित्र शेजारीशेजारी लावण्याचा नियम करावा. धर्मग्रामांच्या सभागृहांनी अशा प्रदर्शनांना आनंदाने जागा द्यावी. पाहणाऱ्यांनी 'हुबेहूब' आणि 'नुसती नक्कल' हे दोन्ही शब्द काही काळ बाजूला ठेवून दुसऱ्या चित्रापाशी थोडे अधिक वेळ थांबावे आणि काढणाऱ्याला विचारावे की हे कोण आहेत, ह्यांचे नाव काय.